दारावरची कप्पी

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं ते २०२१ साली, वसुबारसेच्या सकाळी. ‘वारं गेलं’ हे दूध घालायला येणाऱ्या मामांचे शब्द. डिस्चार्ज कार्डावर होतं ‘सीव्हीए, उजवा हेमिप्लेजिया, ॲफेजिया’, म्हणजे उजवं अंग लुळं आणि वाचाघात. मुलगा पुण्याहून फोनवर ‘स्ट्रोक’ म्हणायचा, शेजारच्या वहिनी ‘लकवा’, विम्याच्या फॉर्मवर ‘पक्षाघात’ छापलेलं, आणि मी शाळेत शिकलेला शब्द ‘अर्धांगवायू’. माणूस एक, दुखणं एक, नावं सहा.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. एका गोष्टीची सहा नावं दिसली की माझा हात अजून कार्डांच्या ड्रॉवरकडे जातो. लकवा, पाहा: पक्षाघात. अर्धांगवायू, पाहा: पक्षाघात. कार्ड कॅटलॉगच्या काळात असली ‘पाहा’ची कार्डं मी शेकड्यांनी लिहिली. वाचक कुठल्याही शब्दाने आला तरी त्याला बरोबर फडताळापाशी नेऊन सोडायचं, एवढंच त्यांचं काम. आता वाचक मीच होते, आणि माझ्यासाठी ही कार्डं कुणी लिहून ठेवलेली नव्हती.

पहिले दोन महिने मी इतरांसारखंच केलं. मोबाईलवर ‘लकवा उपाय’ टाकलं की तेलाच्या जाहिराती यायच्या. ‘पॅरालिसिस हात व्यायाम’ टाकलं की टीशर्ट घातलेला, दोन्ही हात धडधाकट असलेला एक तरुण व्यायाम करून दाखवायचा. एका नातेवाइकांनी पारव्याच्या रक्ताने मालिश करा म्हणून सुचवलं, आणि एक माणूस पारवा घेऊन यायला तयारही होता. मी नको म्हटलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. त्यांचं प्रेम खरं होतं, म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पारवाही वाचला.

मग आली ती कप्पी.

ह्यांचे मावसभाऊ, आमचे धाकटे भाऊजी, यांचा खांदा काही वर्षांपूर्वी आखडला होता. फ्रोझन शोल्डर. दाराच्या चौकटीला कप्पी लावून दोरी ओढायचा व्यायाम करून तो मोकळा झाला. ते स्वतः ड्रिल घेऊन आले, आमच्या मधल्या दाराच्या चौकटीत हूक बसवला, विहिरीवरच्या रहाटाची असते तशी पण लहानशी कप्पी अडकवली आणि कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी ओवली. दोरीच्या टोकांना लाकडी मुठी. उजवी मूठ ह्यांच्या हातात धरवत नव्हती म्हणून ती जुन्या क्रेप बँडेजने मनगटाला बांधली. डाव्या हाताने दोरी खाली ओढली की लुळा उजवा हात झोकात वर जायचा. पहिल्याच दिवशी हात कानापर्यंत गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. हेसुद्धा हसले, अर्ध्या तोंडाने.

बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता ह्यांच्या कण्हण्याने मला जाग आली. वाचा गेलेल्या माणसाला ‘कुठे दुखतंय’ हे सांगता येत नाही. मी पोटावर हात ठेवला, मान हलली नाही. डोक्यावर ठेवला, नाही. उजव्या खांद्याला नुसतं बोट लावलं आणि ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

त्या रात्री मी मोबाईल बाजूला ठेवला आणि मुलाचा जुना लॅपटॉप उघडला. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा चौथा नियम मी तीस वर्षं दुसऱ्यांसाठी पाळला होता.

पबमेड मला नवं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही शोधसूची १९९७ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे, आणि आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी ती वापरून द्यायची. पण स्वतःच्या घरासाठी शोधताना माणूस घाईत असतो, आणि घाईत शब्द चुकतात. मी ‘पॅरालिसिस’ टाकलं. चेहऱ्याचा लकवा आला, स्वरयंत्राचा आला, पोलिओ आला, उंदरांवरचे प्रयोग आले. हजारो नोंदी, आणि त्यात आमचा माणूस कुठेच नाही. मग ग्रंथपालाच्या डोक्याने विचार केला. या ग्रंथालयाची स्वतःची एक शब्दसूची आहे, मेश नावाची, १९६० पासूनची. लेखांना या सूचीतले ठरावीक शब्द चिकटवलेले असतात. आपण काहीही म्हणत असू, तिथला शब्द हाती लागला पाहिजे. तिथे ‘स्ट्रोक रिहॅबिलिटेशन’ हा स्वतंत्र शब्द आहे, ‘हेमिप्लेजिया’ आहे, ‘शोल्डर पेन’ आहे. तिघांना ‘ॲण्ड’ने जोडलं तेव्हा हजारांची गर्दी वाचता येईल एवढी झाली. शेवटी आणखी एक शब्द टाकला, जो कुठल्याही डॉक्टराने मला सांगितला नव्हता. पुली.

पहिल्या पानावरच एक जुना लेख निघाला, १९९० चा. पक्षाघाताच्या २८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचा हात थेरपिस्टने स्वतः धरून हलवला, दुसऱ्याला चाकांच्या पाटीवर हात सरकवायला लावला, तिसऱ्याला डोक्यावरच्या कप्पीने हात ओढायला लावला. पहिल्या गटात खांदा दुखायला लागलेले ८ टक्के, दुसऱ्यात १२. कप्पीवाल्यांत ६२.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मग दाराकडे बघितलं. पंख्याच्या वाऱ्यावर निळी दोरी हलत होती.

का होतं तेही मग कळलं. आखडलेल्या खांद्याचे स्नायू जिवंत असतात, हात वर जाताना पाठीचं फावड्याचं हाड सोबत फिरतं आणि वाट करून देतं. लकव्यात ते हाड जागचं हलत नाही, सांधा आधीच सैल पडून खाली लोंबलेला असतो. ह्यांच्या खांद्याच्या टोकाखाली माझं एक बोट सहज जायचं, एवढी फट होती. अशा सांध्याला दोरीने वर खेचलं की मधले स्नायू दोन हाडांच्या फटीत चिमटतात. भाऊजींचा व्यायाम भाऊजींसाठी बरोबरच होता. आणि २८ माणसं म्हणजे फार नाहीत हेही मला समजत होतं, पण पुढे अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सापडली, त्यातही डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम नको असं स्पष्ट होतं.

सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. ती सोमवारी-गुरुवारी यायची, आणि ती घरात असताना कप्पी दाराच्या पडद्यामागे असायची. आम्ही तिला सांगितलंच नव्हतं, जास्तीचा व्यायाम करून तिला चकित करायचं होतं. मी लॅपटॉप तिच्यापुढे धरला. तिने वाचलं, पडदा सरकवला, वर बघितलं आणि म्हणाली, “काकू, हे कधीपासून?” मग खुर्चीवर चढून तिने स्वतःच दोरी काढली. हूक तेवढा राहिला, अजून आहे.

त्यानंतर मी एक वही घातली. हे साखर कारखान्यात हेड अकाउंटंट होते, घरात कारखान्याची दोन कोरी लेजरबुकं पडून होती. त्यातलं एक घेऊन रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, काय मिळालं, शेरा. अनुक्रमांकाचा रकाना मी ह्यांच्यासाठी सोडला. डाव्या हाताने लिहायची सवय करायची होतीच, आणि स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या होत्या की आवडीचं काहीतरी द्या. आकडे ही ह्यांची आवड. ह्यांना पाणी मागता येत नव्हतं, ‘ते… ते…’ एवढंच यायचं. पण मी ‘पाव’ म्हटलं की पावकी सरळ सुरू व्हायची. निमकी, पाऊणकी, सवायकीसुद्धा. संध्याकाळी आरती घडाघडा म्हणायचे आणि नंतर ताटाकडे बोट दाखवून ‘ते’.

ही काय गंमत आहे हे वहीतल्या १७ व्या नोंदीत सापडलं. पाठ झालेलं, तालात बसलेलं बोलणं आणि मनातलं जुळवून बोलणं यांसाठी मेंदू एकच वाट वापरत नाही. पाढे, वार, महिने, प्रार्थना, शिव्यासुद्धा वाचाघातात टिकून राहतात. या आधारावर ‘मेलॉडिक इंटोनेशन’ नावाची उपचारपद्धती १९७३ च्या सुमाराला अमेरिकेत निघाली: वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. आम्ही ‘पाणी हवं’ हे आरतीच्या चालीत बसवलं. शेजारच्या वहिनींना काही दिवस वाटलं, घरात सारखा देव चाललाय.

इथे मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की वाचाघातावरचं बहुतेक साहित्य इंग्रजी बोलणाऱ्यांचं आहे. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेने प्रौढांच्या वाचाघातासाठी कन्नडमध्ये उपचारपुस्तिका केली आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध संस्थेच्या ग्रंथालयात डिजिटल आहेत. मी त्यातले चित्रांचे गट बघून आमचे मराठी तक्ते केले. कन्नड मला येत नाही. पण मिरजेत वाढले, कानावरून गेलेली आहे, आणि चित्रातली भाकरी तर भाकरीच दिसते. आपल्याकडे मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, तिथल्याही नोंदी बघितल्या. आणि हो, स्पीच थेरपिस्ट बोलावण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव तपासता येतं. परिषद १९९२ च्या कायद्याने झाली, तिच्याकडे नोंदणी असलेल्यालाच हे काम करता येतं. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या महिन्यातल्या एका गृहस्थांचे पैसे वाचले असते. असो.

शोधायच्या जागा किती वेगवेगळ्या स्वभावाच्या असतात! पबमेड म्हणजे विद्यापीठाचं भलं मोठं ग्रंथालय, सगळं आहे पण विचारायला कुणी नाही. पेड्रो मात्र मला आमच्या संदर्भ विभागातल्या कपाटासारखं वाटलं. सिडनीच्या फिजिओथेरपिस्टांनी १९९९ मध्ये हे सुरू केलं. फक्त फिजिओथेरपीचे प्रयोग, त्यांचे आढावे आणि मार्गदर्शक तत्त्वं. शरीराचा भाग निवडा, त्रास निवडा, उपचार निवडा, सगळं खाली उघडणाऱ्या यादीतून. त्यामुळे शब्द चुकायची भीती कमी. आणि प्रत्येक प्रयोगाला दहापैकी गुण! कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवलं का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, ८५ टक्क्यांहून जास्त लोक शेवटपर्यंत टिकले का. व्यायामाच्या प्रयोगाला पैकीच्या पैकी मिळणं जवळजवळ अशक्य, कारण व्यायाम करणाऱ्यापासून तो लपवणार कसा? सहा-सात मिळाले तरी बरं म्हणायचं. हेड अकाउंटंटांना ही गुणपत्रिका फार आवडली. मी गुण वाचून दाखवायची, चार म्हटलं की हे नाक मुरडायचे.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या पुनर्वसन माहिती केंद्राचा ‘रिहॅबडेटा’ तिसरा. त्यात १९५६ पासूनचं साहित्य, आणि तो औषधापेक्षा जगण्याकडे जास्त बघणारा: घरातले बदल, नोकरी, सांभाळणाऱ्या माणसाचा थकवा. ‘केअरगिव्हर’ हा शब्द मी तिथून उचलला आणि त्या रात्री पहिल्यांदा स्वतःविषयी शोधलं. त्या नोंदीचा शेरा रिकामा आहे.

जुन्या लेखांत शिरलं की शब्दांचं वेगळंच दुखणं. इंग्रजीत आधी ‘क्रिपल्ड’, मग ‘हँडिकॅप्ड’, मग ‘डिसेबल्ड’, मग ‘माणूस आधी आणि डिसॅबिलिटी नंतर’. ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्द अमेरिकेच्या संघीय कायद्यांतून २०१० मध्ये काढला गेला, मेशनेही तो पुढे बदलला. बदल चांगलाच. पण फक्त आजचा शब्द टाकला तर जुन्या लेखांच्या मथळ्यांतलं बरंच काही हातातून निसटतं. आपल्याकडेही तेच. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, तेव्हा मी एफवायला होते, कॉलेजच्या भिंतीवर तेच लिहिलं होतं. मग विकलांग. मग २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ म्हटलं. मूकबधिरचं कर्णबधिर झालं, मतिमंदचं बौद्धिक अक्षम. पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय आता दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे आणि राज्यात २०२२ पासून दिव्यांगांचा स्वतंत्र विभाग आहे. पण जुना शासन निर्णय हवा असेल तर तो ‘अपंग’खालीच. त्यातही स्कॅन केलेला असेल तर त्यातला कुठलाच शब्द शोधयंत्राला वाचता येत नाही, मग तारीख आणि विभाग धरूनच जावं लागतं. मी ‘दिव्यांग’ आणि ‘अपंग’ दोन्ही स्वतंत्र टाकते, मग ‘विकलांग’ही टाकून बघते. ‘दिव्यांग’ शब्द मला स्वतःला आवडत नाही. ह्यांच्या लुळ्या हातात दिव्य काही नाही. पण शोधताना आवडनिवड ठेवता येत नाही.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज भरताना याचीच गंमत झाली. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. मी यादी वरून खाली, खालून वर वाचली. थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे, ॲसिड हल्ला आहे. पक्षाघात नाही! एवढा घरोघरी असलेला आजार, आणि यादीत नाही. मग कायद्याच्या मागचं परिशिष्टच उघडलं, व्याख्या वाचल्या. कायद्याला आजाराशी देणंघेणं नाही, आजाराने काय नेलं ते तो विचारतो. हातपाय गेले ते चलनवलनाच्या प्रकारात. आणि वाचा आणि भाषा या प्रकाराच्या व्याख्येत ‘ॲफेजिया’ शब्द चक्क नावाने आहे. मी तो परिच्छेद छापून सिव्हिलमध्ये घेऊन गेले. तो कागद बरोबर नसता तर खिडकीवरच्या माणसाने नुसत्या हातापायाचीच नोंद केली असती; बोलता न येणं म्हणजे ‘म्हातारपण’ असं त्याचं मत होतं. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते, ह्यांचे त्याहून बरेच जास्त भरले. टक्केवारी ऐकून ह्यांनी डाव्या हाताची मूठ वर केली, पहिल्या वर्गात पास झाल्यासारखी.

शोधून मन दुखावतं तेही सांगायला हवं.

एक पाहुणे नेहमी म्हणायचे, “पहिल्याच दिवशी उठवून चालवायला हवं होतं, तुम्ही लोकांनी झोपवून ठेवलं.” हे माझ्या मनात काट्यासारखं होतं. मग २०१५ चा मोठा प्रयोग वाचला, पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांतले २१०४ रुग्ण. पहिल्या २४ तासांत उठवून जास्त जोराने हालचाल करून घेतलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले सावरले, नेहमीच्या पद्धतीने जाणाऱ्यांपैकी ५० टक्के. काटा निघाला. पाहुण्यांना मी काही बोलले नाही. कागद मात्र टीपॉयवर ठेवून दिला होता.

दुसरा प्रयोग भारतातलाच, २०१७ चा. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्या माणसाला शिकवायचं आणि त्याने घरी पुनर्वसनाचे व्यायाम करून घ्यायचे, म्हणजे अगदी मी करत होते ते. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन: शिकवलेल्या घरांत ४७ टक्के, न शिकवलेल्या घरांत ४७ टक्के.

मी लॅपटॉप मिटला आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. दूध उतू गेलं होतं की जायचं होतं, आठवत नाही. पहाटे पाचला उठून ह्यांची बोटं एकेक करून उलगडायची, टाच ताणायची, वीस वेळा, तीस वेळा, ते सगळं एका ओळीत समान-समान होऊन पडलं होतं. नंतर कितीतरी दिवसांनी तो लेख शांतपणे वाचला. न शिकवलेल्या घरांतही घरची माणसं होतीच की. आपल्याकडे कोण कुणाला नुसतं झोपवून ठेवतं? त्यांच्यावर जास्तीचं शिकवणं घातलं, त्याने फरक पडला नाही, एवढंच तो लेख म्हणत होता. फिजिओच्या मुलीला दाखवला तर ती म्हणाली, “काकू, टाच ताणायची थांबवली तर पाय वाकडा होईल, ते या आकड्यात कुठे आहे?” मी पहाटेची वेळ पाचावरून साडेसहावर आणली. तेवढा फरक मात्र त्या लेखाने नक्की पाडला.

स्टेम सेलचं, म्हणजे मूळपेशींच्या उपचाराचं चकचकीत पत्रकही आलं होतं, कुठल्या तरी शहरातल्या रुग्णालयाचं, किंमत काही लाखांत. मुलगा कर्ज काढायला तयार होता. आपल्या देशात औषधांच्या प्रयोगांची नोंद सीटीआरआयमध्ये करावी लागते. ती सूची २००७ पासून आहे आणि फुकट बघता येते. त्या पत्रकातल्या उपचाराची नोंद तिथे मला मिळाली नाही. आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल हा अजून प्रयोगच आहे, आणि प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मुलाला दोन्ही दुवे पाठवले. त्याने नुसता अंगठा पाठवला, पण कर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही.

निवृत्तीनंतर कॉलेजचं एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना नियतकालिकं ऑनलाइन देणाऱ्या योजनेचं लॉगिन बंद झालं, त्यामुळे अर्धे लेख कुलपात. सारांश वाचायचा आणि समाधान मानायचं. कधी लेखकालाच मेल टाकते: निवृत्त ग्रंथपाल आहे, नवऱ्यासाठी हवंय. बरेच जण पाठवतात. एका बाईंनी तर ह्यांची तब्येतही विचारली. भारतातले प्रबंध शोधगंगेवर पूर्ण मिळतात, तिथे फिजिओथेरपीचे चांगले सापडतात, आणि त्यातले रुग्ण निदान मांडी घालणारे असतात.

मांडी! सगळ्या परदेशी सूच्यांत माणूस खुर्चीवरून उठतो, पलंगावरून उठतो, कमोडवरून उठतो. जमिनीवरून कुणी उठतच नाही. आमचे हे जेवायला पाटावर बसणारे आणि शौचाला उकिडवे. वर्षभर मी त्याचा शब्द शोधत होते. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात सापडला, आयसीएफ म्हणतात त्यात. माणसाच्या रोजच्या हालचालींना तिथे क्रमांक दिलेत, ग्रंथालयाच्या डीवे पद्धतीत विषयांना असतात तसे. चालणं डी ४५०, शौच डी ५३०, जेवणं डी ५५०. आणि डी ४१०१: उकिडवं बसणं, उठणं, जमिनीलगतच्या शौचकूपासाठी लागतं तसं. जिनिव्हातल्या कुणीतरी हे वाक्य लिहिलं होतं! मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे हसले नाहीत. त्यांना तेव्हा खरंच जायचं होतं.

आता वही फक्त आमची राहिली नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा नातू सेरेब्रल पाल्सीचा. त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना शोधली, वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्वासाठी. मावशींनी ती कधी ऐकलीच नव्हती, कारण कुणी त्यांना ‘सेरेब्रल पाल्सी’ हे नावच लिहून दिलं नव्हतं. त्या ‘पोराला जन्मताच झटका’ एवढंच सांगायच्या. दूधवाल्या मामांच्या गावच्या एकाला ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीचा शासन निर्णय छापून दिला. भाऊजी परवा आले होते, त्यांनी मधल्या दारातला हूक बघितला आणि विचारलं, यावर आता काय लावणार? मी म्हटलं, आकाशकंदील.

गेल्या महिन्यात ह्यांना ताप होता. चार दिवस वहीत अनुक्रमांक मीच घातले. बरं वाटल्यावर ह्यांनी पुन्हा पेन मागितलं. शेवटची नोंद २१२ होती, ह्यांनी खाली लिहिलं २१४. मी म्हटलं, अहो, एक राहिला, आणि खोडायला गेले. ह्यांनी माझा हात बाजूला सारला, डाव्या हाताने पान उलटलं आणि बोट ठेवलं. तापाच्या दिवसांत मी २०९ दोनदा लिहिला होता.

“ते,” हे म्हणाले.